अनुदान किलोवॅटला, हिशेब युनिटांचा: सूर्यघर योजनेचे एक वर्ष

साताऱ्यातील आमच्या घराच्या गच्चीवर ५४० वॅटचे सहा सौर पॅनेल बसले, त्याला ३० नोव्हेंबर २०२५ रोजी एक वर्ष पूर्ण झाले. ‘पीएम सूर्यघर: मोफत वीज योजने’तून ही यंत्रणा बसवली असल्यामुळे गेले वर्षभर शेजारी, नातेवाईक आणि आमच्या पतसंस्थेतील सहकारी मला एकच प्रश्न विचारत आले आहेत, तो म्हणजे अनुदान खरोखर मिळते का. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि ते ‘मिळते’ असे आहे. मात्र अनुदान कशाला मिळते, कोणाच्या पदरात किती पडते आणि ते मिळाल्यानंतर यंत्रणेकडे कोण पाहते, हे प्रश्न मला अधिक महत्त्वाचे वाटतात, आणि पेशाने हिशेब तपासनीस असल्यामुळे त्यांची उत्तरे वहीत मांडूनच पाहावीत अशी मला खोड आहे.

योजनेची रचना थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती जाहीर झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. २०२६-२७ पर्यंत १ कोटी घरांवर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. यंत्रणेच्या क्षमतेपैकी पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये आणि त्यापुढे काही नाही, असे अनुदानाचे गणित आहे, म्हणजे कोणत्याही घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. पहिल्या दोन किलोवॅटचा प्रमाणखर्च किलोवॅटमागे ५०,००० रुपये धरून त्याच्या ६० टक्के, आणि तिसऱ्याचा ४५,००० धरून त्याच्या ४० टक्के, असे ते बसवलेले आहेत. गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप आणि वाहनांचे चार्जिंग यांसाठी, किलोवॅटमागे १८,००० रुपये दिले जातात.

या रचनेचे मला मनापासून कौतुक वाटते. २०१९ पासूनच्या आधीच्या योजनेत सुरुवातीला टक्केवारीने अनुदान मिळत असे आणि ते पुरवठादाराच्या बिलातूनच वळते होई, त्यामुळे मूळ किंमत किती, वजावट किती आणि आपल्याला नेमके काय मिळाले, हे सामान्य ग्राहकाला उमगत नसे. आता रक्कम ठरलेली आहे आणि ती थेट ग्राहकाच्या खात्यात जमा होते. रक्कम ठरलेली असल्यामुळे किंमत फुगवून अनुदान वाढवून घेण्याची सोय उरत नाही, उलट घासाघीस करून जेवढे पैसे कमी कराल तेवढे तुमच्याच खिशात राहतात. सरकारी पैशाच्या बाबतीत एवढी सरळ रचना क्वचित पाहायला मिळते.

अर्ज करण्याचा अनुभवही अपेक्षेपेक्षा चांगला होता. संकेतस्थळावर वीजबिलावरील ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी केली की अर्ज थेट वीज वितरण कंपनीकडे जातो. १० किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी आता तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही, हा बदल वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्येच झाला, आणि त्यामुळे पूर्वी जिथे महिनोन्महिने जात तिथे आमच्या अर्जाला मंजुरीचा संदेश त्याच आठवड्यात आला. पुढे नोंदणीकृत पुरवठादार निवडणे, त्याच्याशी करार करणे, यंत्रणा बसवून घेणे, नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर पाठवलेली वीज दोन्ही मोजणारे मीटर), पाहणी आणि शेवटी बँक तपशील भरणे, अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर आपला अर्ज कुठे आहे हे मोबाइलवर दिसते. पाहणीच्या वेळी ग्राहकाने पॅनेलशेजारी उभे राहून स्थानाची नोंद असलेले छायाचित्र काढून द्यावे लागते. मीटर आईच्या नावावर असल्यामुळे हा मान तिच्याकडे गेला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती गच्चीचा जिना चढून, डोक्यावरचा पदर सारखा करून, पॅनेलच्या काठावर हात ठेवून उभी राहिली, आणि ते छायाचित्र आता दिवाणखान्यात लागले आहे.

मीटर आईच्या नावावर असणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि अर्ज करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने सर्वप्रथम इथेच लक्ष द्यावे असे मी सांगेन. वडील जाऊन नऊ वर्षे झाली तरी वीजबिल त्यांच्याच नावाने येत होते, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत हेच चित्र असेल असा माझा अंदाज आहे. वीजजोडणी ज्याच्या नावावर त्यालाच अनुदान मिळते आणि बँक खात्यावरील नाव वीजबिलावरील नावाशी जुळावे लागते. त्यामुळे आधी मृत्यू दाखला, घरपट्टीची पावती आणि भावंडांचे ना-हरकत पत्र जोडून जोडणी आईच्या नावावर करून घेतली. त्यातही एका ठिकाणी नावाच्या आद्याक्षरांत आणि दुसऱ्या ठिकाणी पूर्ण नावात फरक होता. ऑगस्ट २०२४ चा पूर्ण महिना यात गेला. पॅनेल बसवायला प्रत्यक्षात तीन दिवस लागले.

आता पैशांकडे वळतो. आम्हाला मिळालेला भाव, पॅनेल, ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र), गॅल्व्हनाइज्ड सांगाडा, तीन अर्थिंग, वीजरोधक, वायरिंग आणि कर धरून, १,९६,००० रुपये होता. अनुदान वजा जाता १,१८,००० रुपये घरचे गेले. क्षमता मोजताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी जे कमी असेल ते धरले जाते, म्हणून ३.२४ किलोवॅटचे पॅनेल असूनही आमची यंत्रणा कागदोपत्री ३ किलोवॅटचीच आहे. आम्ही घेतले तेव्हा सौर उपकरणांवर १२ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला, तेव्हा आज घेणाऱ्याला किंमत थोडी उतरलेली मिळायला हवी. ती उतरवून मागावी, पुरवठादार आपणहून उतरवेलच असे नाही.

त्याच पुरवठादाराने सुरुवातीला मला दुसराही एक भाव सांगितला होता. अनुदान नको असेल तर हेच काम १,६०,००० रुपयांत होईल, असे तो म्हणाला. ३६,००० रुपयांचा हा फरक कशाचा, तर पॅनेलचा. अनुदानासाठी भारतात बनलेल्या सौरघटांपासून भारतातच तयार केलेले पॅनेल वापरणे सक्तीचे आहे. धंद्यात त्याला ‘डीसीआर’ पॅनेल म्हणतात, आणि ते बिगर-डीसीआर पॅनेलपेक्षा महाग पडते. म्हणजे सरकारने माझ्या खात्यात ७८,००० रुपये टाकले हे खरे, पण त्यातले ३६,००० रुपये मी देशी सौरघट बनवणाऱ्या उद्योगाकडे पोचते केले आणि माझा निव्वळ लाभ ४२,००० रुपयांचा झाला. यात गैर काही नाही. आयात केलेल्या मालावर सगळी सौरऊर्जा उभी करण्यापेक्षा देशात कारखाने उभे राहावेत, हे धोरण म्हणून मला मान्यच आहे. माझे म्हणणे इतकेच की, ही एक योजना नसून दोन योजना आहेत, एक घरमालकासाठी आणि एक कारखानदारासाठी, आणि जाहिरातीत फक्त पहिलीचे चित्र असते. पॅनेल खरोखर डीसीआर आहे ना, हे पाहण्यासाठी पाठीमागचे अनुक्रमांक सांगाड्यावर चढवण्यापूर्वीच टिपून घ्यावेत, कारण एकदा ते बसले की खाली पाठीवर झोपून वाचावे लागतात. मी झोपून वाचले आहेत.

अनुदान नंतर मिळते आणि खर्च आधी करावा लागतो, ही या योजनेची सर्वांत जाचक बाजू आहे. ज्याच्याकडे दोन लाख रुपये हाताशी नाहीत त्याने कर्ज काढावे, अशी सोय केलेली आहे. ३ किलोवॅटपर्यंत तारण लागत नाही आणि व्याजदर रेपो दरापेक्षा (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्यापेक्षा) अर्धाच टक्का अधिक, म्हणजे तेव्हा ७ टक्के होता. घरकर्जाहूनही स्वस्त असे हे कर्ज कागदावर फारच आकर्षक आहे. प्रत्यक्षात मी ज्या शाखेत गेलो तिथल्या अधिकाऱ्याने आधी ‘अशी योजना आमच्याकडे अजून आलेली नाही’ असे सांगितले, मग परिपत्रक दाखवल्यावर आईच्या वयावर बोट ठेवले, आणि तिसऱ्या आठवड्यात मी नाद सोडून मुदत ठेव मोडली. मोडायला ठेव होती म्हणून निभावले. आमच्या पतसंस्थेचे अनेक सभासद अशा स्थितीत नाहीत, आणि त्यांतील ज्यांनी विचारले त्यांना मी संयम आणि परिपत्रकाची छापील प्रत, अशा दोन्ही गोष्टी बरोबर ठेवायला सांगतो.

खात्यात ७८,००० रुपये मात्र अगदी वेळेवर आले. यंत्रणा सुरू झाल्याचा अहवाल संकेतस्थळावर चढल्यानंतर आणि बँक तपशील भरल्यानंतर तीस दिवसांत रक्कम जमा होईल असे सांगितले जाते. आमच्याकडे ती बाविसाव्या दिवशी, एकरकमी, कोणाला फोन न करता जमा झाली. या टप्प्याला मी पैकीच्या पैकी गुण देतो.

आता वर्षभरात काय पिकले ते सांगतो. १ किलोवॅट यंत्रणा दिवसाला सरासरी ४ युनिट देते, असा ठोकताळा सगळे पुरवठादार सांगतात. साताऱ्यासारख्या पावसाच्या गावाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. आमच्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये ३४८, जानेवारीत ३७२, फेब्रुवारीत ३९० आणि मार्चमध्ये ४२५ युनिट तयार झाले. एप्रिलचे ४१५ होते. मे महिन्यावर माझी मोठी भिस्त होती, पण २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच येऊन ठेपला आणि आकडा ३१८ वर अडकला. जुलै १७८ युनिटांचा होता आणि त्यातल्या एका दिवशी तर इन्व्हर्टरच्या पडद्यावर दिवसभराचे उत्पादन १.९ युनिट दिसत होते. वर्षाची बेरीज ३,८३६ युनिट झाली, म्हणजे दिवसाला साडेदहा. ठोकताळ्याप्रमाणे बारा ते तेरा यायला हवे होते. त्यातला काही भाग पावसाने नेला, काही शेजारच्या नारळाच्या झाडाने, ज्याची सावली हिवाळ्यात तीननंतर बरोबर टोकाच्या दोन पॅनेलवर उतरते.

आमचा वापर वर्षाला ३,३२० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी २७७ आहे. पूर्वी महिन्याचे बिल साधारण ३,१०० रुपये येई. आता स्थिर आकार आणि त्यावरचे वीज शुल्क मिळून दीडशेच्या आसपास येते, आणि पावसाळ्यात काही शे रुपये वाढतात. वर्षाची बचत ३२,००० रुपयांच्या आसपास गेली. योजनेच्या नावातला ‘मोफत’ हा शब्द मात्र हिशेबाला धरून नाही. स्थिर आकार सुटत नाही, आणि वर्षभराचे उत्पादन वर्षभराच्या वापरापेक्षा ५१६ युनिटांनी जास्त असूनही आम्हाला २२१ युनिट विकत घ्यावे लागले.

हे कसे झाले ते समजून घेण्यासारखे आहे. नेट मीटरमध्ये दिवसा जादा तयार झालेली वीज बाहेर जाते आणि रात्री तेवढीच परत घेता येते. शिल्लक राहिलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा धरले जातात, पण ही साखळी ३१ मार्चला तुटते. त्या दिवशी जे युनिट शिल्लक असतील त्यांचा हिशेब बिलातल्या दरापेक्षा पुष्कळ कमी दराने मिटवला जातो आणि १ एप्रिलला पाटी कोरी होते. आर्थिक वर्ष म्हणून ३१ मार्च ठीक आहे, सूर्याच्या वर्षात मात्र ती सर्वांत चुकीची तारीख आहे. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत ऊन स्वच्छ, वापर कमी, त्यामुळे आमच्याकडे ३१ मार्चला ५६० युनिट साठले होते, आणि नेमके तेव्हाच ते हिशेबातून गेले. एप्रिलमध्ये पंखे आणि कूलर सुरू झाले, जेमतेम ४५ युनिट शिल्लक पडले, आणि मे ते सप्टेंबर हे पाच महिने तुटीचे निघाले. हा वार्षिक हिशेब ३० सप्टेंबरला किंवा दिवाळीला बंद केला तर कोकण आणि घाटमाथ्याच्या पट्ट्यातील प्रत्येक घराचा फायदा होईल. यात सरकारला एक रुपयाही जादा अनुदान द्यावे लागणार नाही.

बचतीबद्दल आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात घरगुती विजेचे पहिले १०० युनिट स्वस्त आणि त्यापुढचे जवळजवळ दुप्पट महाग आहेत. सौर पॅनेल वरच्या, महागड्या युनिटांपासून बचत सुरू करते, म्हणून महिन्याला ३०० युनिट जाळणाऱ्या घराला ते सोन्याची अंडी घालणारी कोंबडी वाटते आणि ७० युनिटांत भागवणाऱ्या घराला पैसे कधी फिटतील याचा अंत लागत नाही. अनुदान दोघांना सारख्याच दराने मिळते. परिणामी सार्वजनिक पैसा ज्याचे बिल मोठे आणि गच्ची स्वतःची त्याच्याकडे आपोआप वाहतो, आणि मी त्या वाहत्या पाण्यात हात धुतले आहेत हे मला मान्य केले पाहिजे. राज्य सरकारने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि १०० युनिटांहून कमी वापराच्या ग्राहकांसाठी ‘स्मार्ट’ ही जोड योजना आणली ती याच कारणाने, आणि ते पाऊल योग्य दिशेचे आहे.

पुरवठादाराविषयी आता सांगितलेच पाहिजे, कारण एकूण अनुभवात सर्वांत कच्चा दुवा तोच होता. त्याचे नाव मी इथे घेत नाही. गावोगावच्या परिचितांकडून ऐकल्यावर माझी खात्री झाली आहे की दुखणे एका माणसाचे नाही. पॅनेल आणि इन्व्हर्टर उत्तम प्रतीचे मिळाले, ते कारखान्यातून येतात आणि त्यांवर नियंत्रण आहे. बिघडते ते गच्चीवर. सांगाड्याचे पाय बसवण्यासाठी गच्चीवर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत बोल्ट रोवायचे, असे करारात लिहिलेले होते. दुपारी जेवून वर गेलो तेव्हा ड्रिल मशीनने सरळ कोब्यात भोके पाडणे चालू होते, आठांपैकी पाच पाडून झाली होती. मी थांबवले तेव्हा त्या मुलाने शांतपणे सांगितले, “काका, सगळीकडं असंच करतो आम्ही. वरनं केमिकल भरलं की पाणी जात नाय.”

पाणी गेले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईच्या खोलीत पंख्याच्या हुकाजवळ ओल दिसली आणि जुलैमध्ये थेंब पडू लागले. कोबा उकरून, भोके बुजवून, वरून जलरोधक थर देऊन घेण्यात ९,५०० रुपये गेले, तेही स्वतःच्या खिशातून, कारण कराराप्रमाणे देखभाल ‘यंत्रणेची’ आहे, गच्चीची नाही. सांगाडा दोन फुटांऐवजी माणूस खालून चालू शकेल एवढा उंच करून घेण्याचे १२,००० रुपये मी आधीच वेगळे दिले होते आणि ते देऊन मला पश्चात्ताप झाला नाही. खाली पापड-कुरडया वाळत घालता येतात आणि पॅनेलच्या खालून वारा खेळत असल्यामुळे ते कमी तापतात. तापलेले पॅनेल कमी वीज देते, हे अनेकांना ठाऊक नसते.

सगळे धरून आमची गुंतवणूक १,३९,५०० रुपयांवर गेली आणि ती साडेचार वर्षांत फिटेल. पॅनेलवर पंचवीस वर्षांची हमी आहे. आकडे म्हणून हा व्यवहार चांगलाच आहे, आणि कोणी विचारले तर मी ‘जरूर घ्या’ असेच सांगतो. त्याबरोबर हेही सांगतो की वीज गेली की हे पॅनेलही बंद पडते. बॅटरी नसलेली यंत्रणा वितरण जाळ्याशी जोडलेली असते, आणि जाळे बंद असताना तिने वीज पाठवली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. भर दुपारी लख्ख उन्हात घरात पंखा बंद आणि वर सहा पॅनेल चमकत आहेत, हे दृश्य आईला अजून पटलेले नाही.

माझा खरा आक्षेप याहून मोठा आहे. या योजनेत अनुदान किलोवॅटला, म्हणजे बसवलेल्या क्षमतेला मिळते, युनिटला, म्हणजे प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेला मिळत नाही. पॅनेल बसले, छायाचित्र निघाले, पाहणी झाली, पैसे जमा झाले, की सरकारच्या दृष्टीने काम संपते. त्यानंतर नारळाची सावली पडली, पॅनेलवर धूळ साचली, एखादा जोड सैल होऊन दोन पॅनेल मुके झाले, तरी कोणाच्याही वहीत तूट दिसत नाही. पुरवठादाराने पाच वर्षे देखभाल करायची आहे, पण केली नाही तर त्याच्या कोणत्या पैशाला कात्री लागते, याचे उत्तर त्याच्या हिशेबात नाही, कारण त्याचे पैसे पहिल्याच महिन्यात पूर्ण मिळालेले असतात.

सातारकरांना हे नवे वाटू नये. ठोसेघरच्या वाटेवर चाळकेवाडीच्या पठारावर आणि पाटणकडे वनकुसवड्याला ज्या पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांच्या मागे १९९० च्या दशकापासूनची घसाऱ्याची करसवलत होती, म्हणजे यंत्राची किंमत झीज म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा. आधी पहिल्याच वर्षी शंभर टक्के आणि पुढे ऐंशी टक्के घसारा वजा करता येई, त्यामुळे ज्यांना वाऱ्याशी काही देणेघेणे नव्हते अशा अनेक उद्योगांनी कर वाचवण्यासाठी पवनचक्क्या घेतल्या. पाते फिरते की नाही यापेक्षा खांब मार्चअखेरपूर्वी उभा राहतो की नाही, याला महत्त्व आले. केंद्र सरकारने हा दोष ओळखून २००९ मध्ये ही सवलत न घेणाऱ्या पवनऊर्जा प्रकल्पांना तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे द्यायला सुरुवात केली. जर्मनीने तर २००० सालच्या कायद्यापासूनच प्रति युनिट ठरलेला दर वीस वर्षे देण्याचा मार्ग धरला होता, आणि म्हणूनच तिथल्या घरमालकाला आपल्या छपरावरचे पॅनेल रोज किती देते याची काळजी वाटत राहिली. ७८,००० पैकी ६०,००० रुपये आज आणि उरलेले १८,००० पुढील तीन वर्षांत, नेट मीटरच्या नोंदीप्रमाणे, ग्राहक आणि देखभाल करणारा पुरवठादार यांच्यात वाटून, एवढा बदल केला तरी चित्र पालटेल. मोजण्यासाठी नवे यंत्र बसवायचे नाही, मीटर आधीच भिंतीवर आहे.

जाता जाता आणखी एक बाब. तयार केलेल्या युनिटाला अनुदान आहे, वाचवलेल्या युनिटाला जवळपास काहीच नाही. घरातले पाच जुने, ७५ वॅटचे पंखे काढून मी ३० वॅटच्या आतले, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे (बीएलडीसी) पंखे बसवले. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, पाचांचे ८०, म्हणजे उन्हाळ्यात माझ्या एका पॅनेलच्या महिन्याभराच्या उत्पादनाहूनही जास्त. या पंख्यांचा सगळा खर्च मी केला. अशा बाबतीत अनुदानच हवे असेही नाही. ‘उजाला’ योजनेत सरकारी कंपनीने एलईडी बल्ब घाऊक खरेदी केले तेव्हा २०१४ मध्ये घाऊक खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला, आणि अनुदानाचा एक पैसा न देता ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. पंख्यांसाठीही त्याच धर्तीचा कार्यक्रम २०२३ मध्ये जाहीर झालेला आहे. तो आमच्या पेठेतल्या दुकानापर्यंत पोचलेला मी तरी पाहिलेला नाही. पॅनेल घेण्याआधी पंखे बदलले असते तर मला ३ ऐवजी २ किलोवॅट पुरले असते. ही चूक माझी, पण संकेतस्थळावरील कोणत्याही पायरीवर मला कोणी तसे सुचवलेही नाही.

पुरवठादाराचा माणूस देखभालीसाठी वर्षात एकदा आला, मार्चमध्ये, आणि पाणी न मारता छायाचित्र काढून गेला. धुण्याचे काम आता माझ्याकडे आहे. दर दुसऱ्या रविवारी ऊन तापण्यापूर्वी, सहा-साडेसहाला, नळी आणि लांब दांड्याचा मऊ मॉप घेऊन वर जातो, कारण तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये म्हणतात. धुतलेल्या दिवसाचा आणि त्याआधीच्या दिवसाचा आकडा मी वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवतो. कोरड्या महिन्यांत हा फरक अर्ध्या युनिटापासून एक युनिटापर्यंत भरतो.